स्कॉटलंडमधील किल्ले, सरोवरे आणि बेटे : आई-बाबांसाठी छोट्या गटाची कोणती सहल निवडावी?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे लीड्समध्ये राहतो आणि येत्या मे महिन्यात माझे आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना स्कॉटलंड नीट दाखवावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. बाबांनी उमेदीच्या काळात सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले पायी पाहिले आहेत. त्यामुळे किल्ला म्हटला की त्यांना लांबून काढलेला फोटो पुरत नाही. तो कोणी बांधला, कोणत्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी बांधला आणि शेवटी कसा पडला, हे त्यांना तिथे उभे राहून समजून घ्यायचे असते. आता ते सत्तरीला आले आहेत आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे चढ-उतार बेतानेच करतात. आई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही.

तिकडच्या एकपदरी रस्त्यांवर गाडी चालवण्याची माझी तयारी नाही आणि पन्नास जणांच्या बसमधून धावती भेटही नको आहे. म्हणून एडिंबऱ्याहून निघणाऱ्या, साधारण १६ जणांच्या मिनीबसच्या सहली मी पाहत आहे. त्यांपैकी तीन दिवसांचे दोन कार्यक्रम आम्हाला पसंत पडले आहेत. पहिल्यात ग्लेनको, आयलन डोनन किल्ला, स्काय बेट आणि परतताना लॉख नेस (लॉख म्हणजे सरोवर) आहे. दुसऱ्यात लॉख लोमंड, इन्व्हरेरी, ओबन येथे मुक्काम आणि तिथून मल व आयोना ही बेटे आहेत. या दोहोंपैकी आमच्यासाठी कोणता योग्य ठरेल आणि पैसे भरण्यापूर्वी कोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुम्ही दिलेला तपशील वाचून मी निःसंकोचपणे ओबनचा कार्यक्रम सुचवेन. त्याचे मुख्य कारण अंतर हे आहे. एडिंबऱ्यापासून स्कायमधील पोर्ट्रीपर्यंतचा रस्ता साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त आहे, तर ओबन साधारण दोनशे किलोमीटरांवर आहे. नकाशावर हा फरक किरकोळ वाटतो, पण वाटेतले रस्ते अरुंद आणि वळणावळणांचे असल्यामुळे स्कायच्या सहलीत पहिला आणि तिसरा दिवस बराचसा गाडीतच जातो. दुखऱ्या गुडघ्याला चालण्यापेक्षा तासन्‌तास पाय दुमडून बसण्याचाच त्रास अधिक होतो, हे घरात ज्येष्ठ मंडळी असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण बाबांच्या आवडीचे आहे. ओबनच्या वाटेवर, निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या गरजांपोटी बांधलेले किल्ले एकापाठोपाठ एक लागतात. तुमची गाडी स्टर्लिंगवरून जाणार असेल तर तो किल्ला आतून पाहायला वेळ मिळतो का, हे आधी विचारा. फोर्थ नदी ओलांडून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून तो एका उभ्या कड्यावर वसलेला आहे. स्कॉट आणि इंग्रज यांच्यातल्या १२९७ ची स्टर्लिंग पुलाची लढाई आणि १३१४ ची बॅनकबर्नची लढाई या दोन्ही त्याच्या परिसरातच झाल्या, आणि तटावर उभे राहिले की त्या का झाल्या हे सहज लक्षात येते. आवारात फरसबंदीचा चढ आहे, तो सावकाश चढावा.

पुढे लॉख ऑच्या काठी किलखर्न किल्ला दिसतो. हा ग्लेनऑर्खीच्या कॅम्पबेल घराण्याचा पंधराव्या शतकातला किल्ला आहे आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यात सैनिकांसाठी बराकी बांधल्या गेल्या. १७६० मध्ये वीज पडून त्याचे मोठे नुकसान झाले आणि एका बुरुजाचा माथा खाली कोसळला. तो अखंड तुकडा आजही अंगणात उलटा पडलेला आहे. आत प्रवेश नेहमी मिळतोच असे नाही, परंतु पाण्यापलीकडून दिसणारे त्याचे रूपही थांबून पाहण्यासारखे आहे, आणि चांगला चालक-मार्गदर्शक तिथे गाडी थांबवतोच. इन्व्हरेरी हे मात्र अठराव्या शतकातले, आर्गाइलच्या ड्यूकचे निवासस्थान आहे. त्याला किल्ला म्हणत असले तरी तो वाडा आहे. आठवड्यातल्या काही वारी तो बंद असतो, तेव्हा तुमचा दिवस तपासून घ्या.

ओबनहून मलला जाणारी फेरी बोट पाऊण तासाच्या सुमारास क्रेगन्यूरला पोहोचते. धक्का जवळ येऊ लागला की डाव्या हाताला समुद्रात घुसलेल्या खडकावर मॅक्लीन घराण्याचा ड्यूअर्ट किल्ला दिसतो. तो अठराव्या शतकात ओस पडला होता. १९११ मध्ये घराण्याच्या तत्कालीन प्रमुखांनी तो विकत घेऊन पुन्हा उभा केला. बाबांना फेरीच्या वरच्या डेकवर नक्की घेऊन जा, कारण सामुद्रधुनीवर पहारा ठेवण्यासाठी तीच जागा का निवडली, हे पाण्यावरून पाहताना जितके कळते तितके जमिनीवरून कळत नाही.

मल बेट ओलांडायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि रस्ता बहुतांशी एकपदरी आहे. खिडकीतून बाहेर पाहिल्यावर पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसतात. लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला हा बेसॉल्टचा प्रदेश आहे. आपले दख्खनचे पठार त्याच्याहून काही दशलक्ष वर्षांनी जुने, पण घडण त्याच प्रकारची. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ते डोंगर लगेच ओळखीचे वाटतील.

पलीकडच्या टोकाला फिनफर्ट येथून छोट्या फेरीने दहा मिनिटांत आयोना येते. पर्यटकांच्या गाड्यांना तिथे परवानगी नाही, त्यामुळे बेटावर एक वेगळीच शांतता आहे. इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने इथे मठ स्थापन केला आणि इथूनच ख्रिस्ती धर्म स्कॉटलंडच्या मोठ्या भागात पसरला. पुढे व्हायकिंगांनी हा मठ अनेकदा लुटला. आज दिसणाऱ्या मठाची मूळ बांधणी १२०० च्या सुमाराची असून विसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. मठासमोरचा संत मार्टिनचा दगडी क्रूस आठव्या शतकापासून उघड्यावर वारा-पाऊस सोसत उभा आहे; त्याच्या एका बाजूला बायबलमधले प्रसंग कोरले आहेत आणि दुसऱ्या बाजूला वेटोळे घातलेले सर्प व गोल उंचवटे आहेत. धक्क्यापासून मठापर्यंतची वाट सौम्य चढाची आणि थोडक्या वेळाची आहे. वाटेत गुलाबी ग्रॅनाइटच्या जोगिणींच्या मठाचे भग्नावशेष लागतात, तिथे बाबांना बसून विश्रांती घेता येईल.

आता विचारून घेण्याच्या गोष्टी. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम आहे का, हा पहिला प्रश्न. रोज सकाळी बॅगा आवरून गाडीत टाकाव्या लागत असतील तर ज्येष्ठांची निम्मी शक्ती त्यातच खर्च होते. प्रत्येक ठिकाणी किती वेळ मिळणार आणि किल्ल्याच्या आत जायचे आहे की केवळ बाहेरून पाहायचे आहे, हे लेखी मागवा. कार्यक्रमपत्रिकेत दोन्हींसाठी एकच शब्द वापरलेला असतो. निवास, प्रवेशशुल्क आणि जेवण हे भाड्यात बहुधा धरलेले नसते, म्हणून दोन सहलींच्या किमतींची तुलना करताना हा खर्च मिळवूनच करावी. मिनीबसमध्ये सामानाला जागा थोडी असते, तेव्हा विमानाच्या केबिनमध्ये मावेल एवढीच बॅग प्रत्येकाने ठेवावी आणि मोठ्या बॅगा लीड्सलाच राहू द्याव्यात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील अंतराचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही बाबांची इतिहासाची आवड लक्षात घेता स्कायची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही, कारण तिथल्या डनव्हेगन किल्ल्याचा एक धागा थेट आपल्या कोकण किनाऱ्याशी जोडलेला आहे. हा मॅक्लाऊड घराण्याचा किल्ला असून सुमारे आठशे वर्षे तो त्याच घराण्याकडे आहे. या घराण्याचे तेविसावे प्रमुख नॉर्मन मॅक्लाऊड हे ब्रिटिश सैन्यात अधिकारी म्हणून हिंदुस्थानात होते. एप्रिल १७८३ मध्ये मुंबईहून ‘रेंजर’ या जहाजातून दक्षिणेकडे जात असताना मराठ्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांच्या ताफ्याने त्यांना गाठले. इंग्रज-मराठे युद्ध संपवणारा सालबाईचा तह होऊनही ही लढाई झाली. ती अतिशय निकराची ठरली, जहाज धुळपांच्या हाती लागले आणि मॅक्लाऊड स्वतः जखमी झाले. धुळपांचे ठाणे असलेला विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाने डनव्हेगनच्या दालनांतून फिरणे, हा योग साधण्यासारखा आहे, असे मला फार वाटते. याच किल्ल्यात काचेमागे ‘परी-ध्वज’ म्हणून ओळखले जाणारे जीर्ण रेशमी वस्त्र ठेवलेले आहे आणि लढाईत ते फडकावले की घराण्याला जय मिळतो अशी तिथली श्रद्धा होती.

पण एक गोष्ट नीट पाहा. तीन दिवसांच्या बहुतेक सहली स्कायमधला एकमेव पूर्ण दिवस ओल्ड मॅन ऑफ स्टॉर आणि क्विरँग या डोंगरी ठिकाणांना देतात, आणि डनव्हेगन वगळले जाते. डनव्हेगन नसेल, तर तुमच्या बाबांसाठी स्कायची सहल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आयलन डोनन हा तीन खाड्यांच्या संगमावरचा किल्ला निश्चितच देखणा आहे, परंतु १७१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी तो उद्ध्वस्त केला होता आणि आज दिसणारी वास्तू १९१२ ते १९३२ या काळात नव्याने बांधलेली आहे. आतले जिने अरुंद आणि चक्राकार आहेत. लॉख नेसच्या काठचा अर्कहार्ट किल्ला १६९२ मध्ये खुद्द तिथल्याच शिबंदीने सोडून जाताना सुरुंगाने उडवला, तो जेकोबाइट, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या बाजूच्या, बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. तो पाहण्यासाठी रस्त्यापासून बरेच खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते.

प्रतिसाद ३

खाण्याच्या बाबतीत थोडेसे. बी अँड बी मध्ये (न्याहारीसह मुक्कामाची घरगुती सोय) सकाळच्या न्याहारीला ओट्सची लापशी, बीन्स, मशरूम, टोमॅटो आणि बटाट्याची स्कोन सहज मिळते. मात्र अंडे चालत नाही हे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण तिकडे शाकाहारी म्हटल्यावर अंडे गृहीत धरले जाते. सूपमध्ये मांसाचा स्टॉक आहे का, हेही प्रत्येक वेळी विचारावे. दुपारी मसूरडाळीचे सूप आणि ब्रेड हा भरवशाचा पर्याय आहे. छोट्या गावांतली स्वयंपाकघरे रात्री आठ-साडेआठलाच बंद होतात, म्हणून संध्याकाळी मुक्कामाला पोहोचताच आधी जेवण उरकावे. खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असते, तेव्हा गरम पाण्यात होणारे पोहे किंवा उपमा, खाकरा आणि मेतकूट बरोबर असले की आईंची काळजी राहत नाही. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणायला मनाई आहे, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा.

मे महिना तुम्ही उत्तम निवडला आहे. पश्चिम किनाऱ्यावर त्या सुमारास पाऊस तुलनेने कमी असतो, उजेड रात्री नऊनंतरही राहतो, आणि मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा खरा उपद्रव जूनपासून वाढतो. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात ती टिकत नाही. टोपी असलेले पावसाळी जॅकेट आणि पकड घेणारे तळवे असलेले बूट मात्र दोघांनाही अवश्य घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांशी फोनवर सविस्तर बोललो. धुळपांचा उल्लेख ऐकून ते क्षणभर स्कायकडे झुकले होते, परंतु आम्ही पाहत असलेल्या सहलीत डनव्हेगन नाही हे आयोजकांनी कळवल्यामुळे ओबनचा कार्यक्रम नक्की केला आहे. दोन्ही रात्री ओबनलाच मुक्काम आहे. आता एकच शंका उरली आहे. आयोनाजवळच्या स्टाफा बेटावरील बेसॉल्टच्या स्तंभांची गुहा पाहण्याची बाबांना फार उत्सुकता आहे. ती त्याच दिवशी जमवावी का?

प्रतिसाद १

त्याच दिवशी नको. होडीने जाऊन-येऊन आणि बेटावर थोडा वेळ घालवून जवळपास तीन तास जातात, आणि मग आयोनाला काहीच वेळ उरत नाही. स्टाफाचे स्तंभ अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारखेच, पण थेट समुद्रातून उभे राहिलेले आहेत. त्या गुहेने १८२९ मध्ये तिथे आलेल्या जर्मन संगीतकार मेंडेल्सोनला संगीतरचनेची प्रेरणा दिली. बाबांना ती पाहायला आवडेल यात शंका नाही. पण गुहेकडे जाणारी वाट स्तंभांच्या ओबडधोबड, ओलसर माथ्यांवरून जाते. आधाराला कठडा असला तरी गुडघ्याला ती अवघड आहे, आणि समुद्र खवळलेला असेल तर होडी बेटाला लागतच नाही.

यावर उपाय असा की, सहल संपल्यावर गटाबरोबर परत न येता ओबनला आणखी एक-दोन रात्री राहावे आणि हवामान पाहून स्टाफाची होडी ठरवावी. बाबांना उतरणे जमणार नाही असे वाटले तर ते होडीतूनच गुहा पाहू शकतात. तोंडाशी होडी बरीच जवळ नेतात. परतीसाठी ओबनहून ग्लासगोला थेट रेल्वे आहे, सुमारे तीन तासांची. गटातून ओबनलाच बाहेर पडणार असल्याचे आयोजकांना आधी कळवून ठेवा आणि परतीच्या दिवशी लीड्सची पुढची गाडी फार जवळच्या वेळेची घेऊ नका.