मदत हवी आहे: उपवासकाळातल्या रविवारी सूट असते का?

वसईकर आणि बाकी ख्रिस्ती मंडळी, जरा सांगा ना. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावून आल्यापासून आमच्या लेकाने मोबाईलवरचे गेम बंद केलेत, स्वतःहून हं, पण आता म्हणतो की त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, म्हणजे मधले 6 रविवार उपवासकाळाच्या 40 दिवसांत धरतच नाहीत, मग रविवारी खेळू दे! हिशोब बरोबरच आहे, रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. पण रविवारी दिवसभर त्यातच डोकं घातलं तर मग सोडलं काय? सासूबाई तर मटणाला थेट ईस्टरलाच हात लावतात. तुमच्याकडे काय करता? आणि या काळात प्रार्थना, उपवास, दानधर्म हे तिन्ही एकत्र का, ते तेरा वर्षांच्या पोराला लेक्चर न देता कसं समजवायचं?