कॅन्सर ट्रायलमध्ये काळे पेशंट येतच नाहीत, काय करावं?

न्यूजर्सीकर: मी इथे अमेरिकेत ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. मायलोमाची (रक्ताच्या एका कॅन्सरची) ट्रायल चालूय, आजार काळ्या लोकांत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट, आणि आमची यादी बघाल तर जवळपास सगळे गोरेच. साहेब म्हणतात त्या टस्कगीच्या जुन्या प्रयोगामुळे काळ्या लोकांचा विश्वासच नाही. एवढंच असेल का?

वरणभात: टस्कगी खरंच आहे हो, १९३२ ते १९७२, पेनिसिलिन आलं तरी सिफिलिसच्या काळ्या पेशंटना दिलं नाही, कोण विसरेल? पण दरवेळी तेच पुढे करायचं म्हणजे खापर पेशंटच्या डोक्यावर. आधी मोजा, विचारलं किती जणांना?

रातपाळी: प्रोटोकॉलमधला न्यूट्रोफिलचा (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा बघ गं. १५०० ची अट असेल तर गोची तिथेच आहे, आफ्रिकन वंशाच्या बऱ्याच लोकांत डफी नल हा जन्मजात रक्तप्रकार असतो, त्यांचा काउंट मुळातच कमी, इन्फेक्शनचा धोका काही जास्त नाही, तरी स्क्रीनिंगलाच बाद!

न्यूजर्सीकर: अगं बाई, कालच एक काका १४०० वर परत गेले. दोन बस बदलून आले होते, हातात डबा, दिवसाचा पगार बुडाला तो वेगळाच 😞

रातपाळी: मग स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणाऱ्यांना) लिही, डफी टेस्ट करून अट १००० वर आणता येते का विचार. भाड्याचे पैसेपण माग.

वरणभात: आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असलेल्या पेशंटना सांगा, २०२२ पासून ट्रायलमधला रूटीन खर्च मेडिकेडला द्यावाच लागतो. आमच्याकडे निम्म्या स्टाफलाच माहीत नव्हतं.

न्यूजर्सीकर: काकांना सोमवारी फोन करते.