नातू न्यू जर्सीहून येतोय, रात्रीचा दिवस होणार, काय तयारी करू?

जुळेसोलापूरची_आजी:
लेक जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला येतीय, नातू आठ महिन्यांचा, पहिल्यांदाच. नेवार्कहून मुंबई सरळ विमान आहे पण 15 तास मांडीवर लेकरू आणि ती एकटीच, जावई नंतर येणार. मागं शेजारच्यांची नात आली होती तर आठवडाभर रात्री दोनला त्यांच्या घरात लाईट आणि खुळखुळा, आणि दिवसा पोरगी ढाराढूर. जाऊबाई म्हणतात जायफळ उगाळून चाटवा, गुटीत मध घाला, गप झोपतंय. द्यावं का? आणि मुंबईहून त्याच रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं यावं का मुक्काम करावा?

एडिसनवाली:
आजी मी दोनदा केलंय हे. थंडीत आपण तिकडच्यापेक्षा साडेदहा तास पुढं, म्हणजे तिथं रात्री आठ ते सकाळी सहा झोपणारं बाळ सोलापुरात सकाळी साडेसहाला झोपणार आणि दुपारी साडेचारला चहाच्या वेळी ताजंतवानं उठणार, हे आधीच गृहीत धरा म्हणजे चिडचिड होणार नाही. मोठ्या माणसाचंही घड्याळ दिवसाला साधारण एकच तास सरकतं, त्यात पूर्वेकडं येणं जास्त जड, तेव्हा निघायच्या आधी आठवडाभर तिकडं झोप सरकवत बसू नका म्हणावं, एवढा फरक त्यानं भरत नाही. खरा उपाय उजेड. सकाळचा पहिला तास अंगणात नाहीतर गच्चीवर, आपल्या थंडीतलं ऊन कोवळंच असतं. दिवसाची झोप तोडायची नाही पण दोन तास झाले की पडदे उघडून, भांडी वाजवत हळूहळू उठवायचं. रात्री मात्र खिडकीवर चादर, आपली सोलापुरी जाडजूड टांगली तर रस्त्यावरच्या लाईटचा पट्टासुद्धा येत नाही. रात्री दीडला उठलाच तर मंद दिवा, दूध, थोपटणं, बास. आजोबांना उठून "आला का गं माझा राजा" करायला सक्त मनाई, आमच्याकडं सासऱ्यांनी तेच केलं आणि सहा दिवस रात्री दोनला घोडा-घोडा चालला होता.

पूर्वभाग_यंत्रमाग:
आमच्या भिंतीपलीकडं माग चालू असतो, भाचा दुबईहून आला की त्या खटखटीतच झोपतो, घर शांत ठेवायच्या भानगडीत पडू नका 😄 दुबईचा फरक फक्त दीड तासाचा, त्यामुळं माझं ज्ञान इथंच संपलं.

निवृत्त_सिस्टर:
जाऊबाईंना नम्रपणे नाही म्हणा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम ही जंतूंच्या विषामुळं होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. जायफळही झोपेसाठी नको, उगाळताना किती गेलं कळत नाही. कुणी विमानात द्यायला म्हणून प्रोमेथाझिनचं, म्हणजे गुंगी आणणारं ॲलर्जीचं सिरप सुचवलं तर तेही नाही, दोन वर्षांखाली श्वास मंदावायचा धोका असतो. झोपेच्या हार्मोनचं औषध, मेलाटोनिनही डॉक्टरना विचारल्याशिवाय नको. विमानात टेकऑफला आणि उतरताना अंगावर पाजलं की गिळण्यामुळं कानाचे दडे सुटतात, हवा कोरडी असते म्हणून एरवीही जास्त वेळा पाजायचं. आणि हो, पोटाचंही घड्याळ असतं, इथं आल्यावर दोन-चार दिवस तो रात्री खरंच भुकेनं उठेल. तेव्हा दूधच, मऊ भात रात्री नको, तो दिवसा भरवा.

पार्कचौक:
विमान संध्याकाळच्या आत उतरणार असेल तर सिद्धेश्वर बरी, बाळ रात्रभर जागंच राहणार आहे तर डब्यात जागू दे, सकाळी सोलापूरचं ऊन. रात्री उशिरा उतरत असेल तर मुक्काम करा, रात्री घाटातनं गाडीनं येऊ नका. आणि बॅसिनेटची, म्हणजे समोर बाळाचा छोटा पाळणा लावता येतो ती सीट तिकीट काढतानाच फोनवर मागून घ्या, वजनाची मर्यादा विचारा. आमच्या बहिणीला विमानात गेल्यावर सांगितलं, दुसऱ्यांना दिली. रडायची वेळ आली बिचारीवर.

जुळेसोलापूरची_आजी:
सगळ्यांचे आभार. लेकीला आत्ताच व्हॉट्सॲपवर पाठवलं, विमान रात्री साडेनऊला उतरतंय म्हणे, म्हणजे मुक्काम. चादर काढून ठेवते. जायफळाचं जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या आमची पोरं त्यावरच वाढली. ह्यांना कोण सांगणार, रात्री उठू नका म्हणून, ते आत्तापासूनच घोडा व्हायची प्रॅक्टिस करतायत.

एडिसनवाली:
आजी, आजोबांची खाट दुसऱ्या खोलीत टाका 😂