मदत हवी आहे: टोमॅटो लावलेला पाव दरवेळी भिजून लगदा होतो

नमस्कार मंडळी,

लेक दीड वर्षापासून बार्सिलोनाला शिकते, पुढच्या शनिवारी घरी येतेय. फोनवर तिच्या तोंडी एक पदार्थ सारखा असतो: पा आम्ब तुमाकेत. तिथल्या कातालान भाषेत अर्थ एवढाच, टोमॅटोसह पाव. भाजलेल्या पावाच्या जाड कापावर लसूण घासायचा, मग अर्धा कापलेला टोमॅटो घासायचा, वर मीठ आणि ऑलिव्ह तेल. वरून दुसरा काप ठेवायचा नाही.

ती आली की पहिल्या सकाळी तिच्यापुढे हेच ठेवायचं ठरवलंय. पण तीनदा केलं, तिन्हीदा बिघडलं. आधी साध्या स्लाइस ब्रेडवर टोमॅटो घासला, तर गर उतरेचना आणि ब्रेड मात्र फाटला. मग टोमॅटो बारीक चिरून मीठ घालून पसरला. चव बरी होती, पण ह्यांच्यापुढे बशी जाईपर्यंत खालचा ब्रेड चिंब. काल लादीपाव तव्यावर भाजून पाहिला, त्याने पाणी आणि तेल सगळंच पिऊन टाकलं.

टोमॅटो इथल्या, पुण्याच्या मंडईतलेच, लांबट आणि घट्ट. आणल्या आणल्या फ्रीजमध्ये ठेवते. लेक म्हणते, तिथे यासाठी खास लहान टोमॅटो असतात, दोऱ्यात गुंफून टांगलेले, हिवाळ्यातही टिकतात. ते इथे कुठून आणू? पाव कोणता घेऊ? बिया काढायच्या का? कृपया सांगा, मला हे मनापासून जमवायचंय.

प्रतिसाद १

ताई, आधी पाव बदला. मऊ पावावर हे होणारच नाही. आमच्या मडगावात पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे आणतो, कडक कवचाचे गोल पाव, मी तेच वापरते. पुण्यात उंडे नाही मिळाले तर सावरडो (आंबवलेल्या पिठाचा पाव) घ्या, तोही आदल्या दिवशीचा. बोटभर जाड काप करून गॅसवर जाळी ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा, पार खरखरीत होईपर्यंत. त्या खरखरीवर लसूण किसणीवर झिजावा तसा झिजतो. एक-दोनदाच फिरवा, कच्चा लसूण उग्र लागतो.

प्रतिसाद २

मी काही वर्षं स्पेनमध्ये तारागोनाला होतो, टोमॅटोचं मी सांगतो. लांबट टोमॅटो गाडीत दबू नयेत म्हणून घट्ट असतात, रस कमी. तुम्ही चपटे, रेघांचे गावठी टोमॅटो आणा आणि दोन-तीन दिवस टोपलीत पिकू द्या. फ्रीजमध्ये अजिबात नको, थंडीने टोमॅटोचा वास मरतो.

घासून गर निघत नसेल तर आडवा कापून कापलेली बाजू जाड किसणीवर किसा, साल हातात उरते. तिथेही कितीतरी घरांत असंच करतात. बिया काढू नका, बियांभोवतीच्या गरातच चव जास्त असते. किसात मीठ घालून दहा मिनिटं गाळणीत ठेवा, खाली उतरलेलं पाणी सारात घाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी लावून ठेवू नका. तिकडच्या पुष्कळ खानावळींत भाजलेला पाव, लसूण, टोमॅटो, तेल वेगवेगळं आणून ठेवतात. ज्याने त्याने आपापल्या कापाला लावायचं आणि लगेच खायचं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे खूप आभार! आज सावरडोवर केलं. कुरकुरीत राहिला, आणि ह्यांनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच दोन काप संपवले. शनिवारी सगळं वाट्यांत मांडून ठेवणार आहे, लेकीला अजून काही सांगितलेलं नाही.

एकच विचारायचंय. गावठी टोमॅटो जरा आंबट लागले. चिमूटभर साखर घातली तर चालेल, की अजून दोन दिवस पिकू देऊ?