‘एक्स्ट्रीमिझम’ला मराठीत काय म्हणावं? अतिरेकी, कट्टर, धर्मांध, मूलतत्त्ववादी

वेलांटी
आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या एका मजकुरात ‘व्हायोलंट एक्स्ट्रीमिझम’ परिच्छेदागणिक येतंय. मराठी मसुद्यात त्याला पाच ठिकाणी पाच शब्द पडलेत: दहशतवाद, धर्मांधता, कट्टरता, मूलतत्त्ववाद, अतिरेकी विचार. एकच कोणता घ्यावा? ‘अतिरेकवाद’ चालेल का?

पूर्णविराम
‘अतिरेकवाद’ नको. शब्द चुकीचा नाही, पण तो आता मोकळा राहिलेला नाही. अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर जाणं: लाडांचा अतिरेक, कामाचा अतिरेक. ‘अतिरेकी’ मात्र वर्तमानपत्रांनी बंदूकधाऱ्याला देऊन टाकला. ‘दोन अतिरेकी ठार’ असा मथळा वाचताना टोकाच्या मतांचा विचार कुणाच्याही डोक्यात येत नाही. त्यामुळे ‘अतिरेकवाद’ लिहिलंत की वाचक सरळ ‘दहशतवाद’ असंच वाचणार.

आणि मूळ कागदपत्रांत हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१४ चा ठराव २१७८ घ्या. त्यात दहशतवादाला पोषक ठरणाऱ्या ‘व्हायोलंट एक्स्ट्रीमिझम’चा उल्लेख आहे. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर ‘दहशतवादाला पोषक ठरणारा दहशतवाद’ असं वाक्य होतं, आणि अशी वाक्यं छापूनही येतात.

‘हिंसक अतिवाद’ घ्या. ‘अतिवादी भूमिका’ मराठीत रुळलेला आहे आणि त्याला अजून रक्त लागलेलं नाही.

रफार
‘अतिवाद’ फार गुळगुळीत वाटतो. ‘धर्मांध’सारखा नेमका शब्द असताना तो का टाळायचा? मदांध, कामांध, सत्तांध या ओळीतला आहे, कुणालाही समजतो.

पूर्णविराम
समजतो, म्हणूनच जपून वापरायचा. ‘धर्मांध’ हे वर्णन नाही, निवाडा आहे. आपल्याला तसं म्हणवून घेणारा एकही माणूस सापडायचा नाही. अग्रलेखात तो शोभतो, कराराच्या मसुद्यात नाही, कारण ज्याला तो लावायचा त्यालाच उद्या समोर बसवून बोलायचं असतं.

दुसरी अडचण अशी की हा शब्द मनाच्या अवस्थेबद्दल बोलतो, कृतीबद्दल नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम १८ ने श्रद्धा बाळगणं आणि ती प्रकट करणं वेगळं केलंय. निर्बंध घालता येतात ते फक्त प्रकट करण्यावर, तेही कायद्याने आणि सार्वजनिक सुरक्षा, इतरांचे हक्क अशा ठरावीक कारणांसाठीच. म्हणून ‘हिंसक’ हे विशेषण गळू देऊ नका. जागा कमी पडली की मथळ्यात पहिली कात्री त्यालाच लागते, आणि मग नुसत्या कडक पथ्यं पाळणाऱ्या माणसावरही तोच शिक्का बसतो.

अर्धचंद्र
‘मूलतत्त्ववाद’बद्दल थोडं. हा शब्द आपल्याकडे ‘फंडामेंटलिझम’साठी आला. ते नाव मुळात शिवी नव्हतं. अमेरिकेतल्या प्रोटेस्टंटांनी १९१० ते १९१५ दरम्यान श्रद्धेची मूलतत्त्वं मांडणाऱ्या १२ पुस्तिका काढल्या, आणि १९२० मध्ये त्या पंथातल्या एका बाप्टिस्ट संपादकाने हे बिरूद अभिमानाने लावून घेतलं. पुढे ते सगळ्या धर्मांना सरसकट चिकटवलं गेलं. आजही त्याचा नेमका अर्थ ‘धर्मग्रंथातली मूळ तत्त्वं अक्षरशः मानणारा’ एवढाच. असा माणूस जन्मभर कुणाच्या वाटेला न जाताही मूलतत्त्ववादी असू शकतो.

‘मूलगामी’शी गल्लत तर नेहमीची. मूलगामी म्हणजे मुळापर्यंत जाणारा, आणि मराठीत तो कौतुकाचा शब्द आहे: मूलगामी संशोधन, मूलगामी बदल. ‘रॅडिकल’ला तो चपखल बसतो, पण ‘रॅडिकलायझेशन’ला ‘मूलगामीकरण’ लिहिलं की अर्थ उलटा होतो. तिथे सरळ ‘हिंसक मार्गाकडे ओढलं जाणं’ लिहावं. ‘जहालीकरण’ही दिसतं, पण ‘जहाल’ म्हटलं की १९०७ ची सुरत काँग्रेस आठवते, आणि ते जहाल धर्मावरून नव्हे, राजकारणावरून जहाल होते.

(आणि कृपया ‘तत्त्व’मध्ये दोन त लिहा. मसुद्यात बहुधा एकच असेल.)

वेलांटी
एकच होता. दुरुस्त केला. ‘कट्टर’?

अर्धचंद्र
‘कट्टर’ दोन्हीकडून वाजतो. कट्टर शत्रू असतो तसा कट्टर समर्थकही असतो, आणि पुष्कळांना तो भूषण वाटतो. व्याख्या लागते तिथे निरुपयोगी.

रफार
पण व्याख्या तरी आहे का कुठे? दहशतवादाचीच सर्वमान्य व्याख्या नाही. सर्वसमावेशक कराराचा मसुदा १९९६ पासून संयुक्त राष्ट्रांत पडून आहे.

पूर्णविराम
बरोबर, आणि अतिवादाचंही तेच. सरचिटणीसांनी जानेवारी २०१६ मध्ये आमसभेपुढे ठेवलेल्या कृतियोजनेतच म्हटलंय की या संज्ञेला स्पष्ट व्याख्या नाही. प्रत्येक राष्ट्र आपापली करतं. अशा वेळी अनुवादकाने आपल्या पदरची व्याख्या घालू नये. मुळात ‘रिलिजस’ नसेल तर मराठीत ‘धार्मिक अतिवाद’ लिहायचं नाही. ही चूक फार होते.

विषय धर्माचाच असेल तेव्हा नेमकेपणा कुठे मिळतो? त्याच १९६६ च्या करारातल्या कलम २० मध्ये. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक द्वेषाचा असा प्रचार, की जो भेदभाव, वैर किंवा हिंसा यांना चिथावणी ठरतो, त्याला कायद्याने मनाई करावी, असं ते सांगतं. इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. एक, ‘ॲडव्होकसी’ला ‘पुरस्कार’ लिहिलं की ‘द्वेषाचा पुरस्कार’ कुणाला मिळाला असा प्रश्न पडतो. ‘प्रचार’ बरा. दोन, ‘हॉस्टिलिटी’ म्हणजे शत्रुत्व किंवा वैर. ‘नाराजी’ नव्हे. तीन, आणि सगळ्यात महाग पडणारी: ‘इन्साइटमेंट’ला ‘भावना दुखावणे’. कलमात दुखावलेल्या भावना नाहीतच. तिथे पाहिलं जातं ते बोलण्यामुळे तिसऱ्या माणसाला काय करायला उद्युक्त केलं जातंय हे.

चिथावणी ठरवायला २०१२ च्या रबात कृतियोजनेत (द्वेषाच्या चिथावणीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या मार्गदर्शक मसुद्यात) सहा कसोट्या आहेत: परिस्थितीचा संदर्भ, बोलणाऱ्याचं समाजातलं स्थान, हेतू, आशय आणि मांडणी, बोलणं किती लोकांपर्यंत पोचलं, आणि इजा होण्याची शक्यता व ती किती जवळ आहे. ‘हेतू’पाशी थांबा. निष्काळजीपणा किंवा बेफिकिरी तिथे पुरेशी धरलेली नाही. म्हणजे मराठीत ‘हेतुपुरस्सर’ असं ठसठशीत यायला हवं.

रफार
हे पटलं. ‘धर्मांध’ परत घेतो, निदान मसुद्यापुरता. पण शब्दाने वाटाघाटी खरंच बदलतात का?

पूर्णविराम
उत्तर आयर्लंड बघा. मराठी बातम्यांत तो ‘कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष’. १० एप्रिल १९९८ च्या करारातून उभ्या राहिलेल्या विधानसभेत मात्र सदस्य आपली नोंद ‘नॅशनलिस्ट’ (आयर्लंडशी एकीकरण हवं असणारे), ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे) किंवा ‘इतर’ अशी करतात. पंथाचं नाव नाही. भांडण कुणाचा देव खरा हे नव्हतं, भूभाग कुठल्या राज्यात राहावा हे होतं, आणि ते तसं लिहिलं म्हणून त्यावर आकडे मांडता आले. कळीच्या निर्णयाला दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत हवं, नाहीतर एकूण ६० टक्के आणि दोन्ही गटांतून किमान ४० टक्के. ‘धर्मयुद्ध’ म्हटलं असतं तर टक्केवारी कशाची लावणार होते?

अर्धचंद्र
याचा पूर्वज १६४८ चा वेस्टफालियाचा तह. युरोपातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पक्ष तीस वर्षं लढून झाल्यावर श्रद्धेचा निकाल लावण्याच्या भानगडीत पडले नाहीत. १६२४ हे प्रमाणवर्ष धरलं, की त्या साली जिथे जो पंथ आणि जी मालमत्ता ज्याच्याकडे, ती तशीच. आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या (तेव्हाच्या जर्मन प्रदेशांच्या) सभेत धर्माचा प्रश्न आला की बहुमत नाही: दोन्ही पक्ष वेगळे बसणार आणि समझोता झाला तरच ठराव. मराठीत याला ‘तह’ हाच शब्द हवा. ‘युद्धविराम’ किंवा ‘शस्त्रसंधी’ नको. शस्त्रसंधीत लढाई थांबते, युद्ध कायद्याने संपत नाही. कोरियात २७ जुलै १९५३ पासून आहे ती शस्त्रसंधी. तह अजून झालेला नाही.

वेलांटी
मग शेवटचं. ‘पीसफुल कोएक्झिस्टन्स’ला ‘शांततामय सहजीवन’ लिहिलंय. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेतल्या ‘टॉलरन्स’ला ‘सहिष्णुता’.

पूर्णविराम
‘सहजीवन’ वाचून लग्नाचा वाढदिवस आठवतो. भारत-चीनच्या १९५४ च्या पंचशील करारातल्या पाचव्या तत्त्वाला ‘सहअस्तित्व’च बरं. राष्ट्रांनी एकत्र नांदावं अशी तिथे अपेक्षा नाही, एकमेकांना असू द्यावं एवढीच आहे.

‘सहिष्णुता’ ठेवा. ‘सह्’ म्हणजे सोसणं आणि ‘टॉलरन्स’चं लॅटिन मूळही सोसण्याचंच, त्यामुळे खोडी दोन्हीकडे सारखीच आहे. त्याच वाक्यात पुढे चांगल्या शेजाऱ्यांप्रमाणे शांततेने राहण्याची गोष्ट आहे. तिथे ‘उत्तम शेजारीपणा’ असलं काही घडवू नका. ‘शेजारधर्म’ आहे की.

रफार
आणि तिथे ‘धर्म’ आला तरी कुणी भांडणार नाही.