ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवाळीच्या सुट्टीचा दिवस कसा लावावा? (ठाणे, मुले ६ आणि ३ वर्षांची)

कोलशेतची आई

नमस्कार. आम्ही ठाण्यात कोलशेत भागात राहतो. मुलगी पहिलीत आहे आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. पहिले सत्र संपले की मुलीला दिवाळीची सुट्टी लागेल. आम्हा दोघांनाही मात्र सुट्टी फक्त लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एवढीच आहे. सासूबाई साताऱ्याहून येऊन राहणार आहेत, परंतु त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे मुलांच्या मागे धावणे त्यांना जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

खरी अडचण संध्याकाळची आहे. मे महिन्यात मी कार्यालयातून परतल्यावरही थोडा उजेड असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मात्र सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि दिवाळीपर्यंत तो आणखी लवकर मावळू लागतो, त्यामुळे मी सव्वासातला घरी पोहोचते तेव्हा बागेत नेण्याची वेळ टळलेली असते. दुपारी बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. मुले दिवसभर घरात घामाघूम होऊन चिडचिड करतात आणि शेवटी टीव्ही लावला जातो. महागडी शिबिरे नकोत. घरच्या घरी किंवा जवळपास काय करता येईल, आणि दिवसाचे वेळापत्रक कसे असावे, यावर अनुभवी पालकांनी सल्ला द्यावा ही विनंती.

वाघबीळ नाका

माझा स्पष्ट सल्ला असा की, या दिवसांत संध्याकाळचा नाद सोडावा आणि बाहेर जाण्याची वेळ सकाळकडे न्यावी. हवामान विभागाच्या सरासरीनुसार मुंबई परिसरातून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतर आभाळ निरभ्र होते, जमिनीत मुरलेले पाणी वाफ होऊन हवेत राहते आणि समुद्रावरचे वारे उशिरा सुरू होतात, म्हणून पारा ३४-३५ अंशांवर असला तरी जीव त्याहून अधिक कासावीस होतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ हा काळ मात्र अतिशय सुखद असतो. मुलांना लवकर उठवणे हे संकट नाही, रात्री साडेनऊला दिवे मालवणे हे आहे. ते एकदा जमले की बाकीचे आपोआप जुळते.

कोलशेतहून उपवन तलाव किंवा कचराळी तलाव रिक्षाने फार लांब नाही. येऊरला जायचे असल्यास पूर्ण उजाडल्यावर जावे आणि रस्ता सोडून आत शिरू नये, कारण तो राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे. पावसाळा सरल्यानंतरचे हे आठवडे फुलपाखरांचे असतात. घोडबंदर रस्त्यावरील ओवळे गावातील ओवळेकर वाडी त्यासाठीच ओळखली जाते, मात्र ती कोणत्या दिवशी उघडी असते हे आधी विचारून घ्यावे. आपले राज्य फुलपाखरू नीलवंत आहे, २०१५ साली त्याला तो मान मिळाला. काळ्या पंखांवर निळसर झाक असलेले हे मोठे फुलपाखरू सहा वर्षांच्या मुलीला एकदा दाखवले की ती स्वतःच शोधू लागेल.

तेवढेही जमले नाही तर नर्सरीतून कढीपत्त्याचे एक रोप आणून खिडकीत ठेवा आणि त्यावर कोणतीही फवारणी करू नका. लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणारी काही फुलपाखरे त्यावर अंडी घालतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी पुढे हिरवी होते आणि मग कोश करते, हे सगळे मुलांना घरातच पाहायला मिळते. फोडणीसाठी पाने मात्र बाजारातूनच आणावी लागतील.

ऐरोली सेक्टर आठ

सकाळची कल्पना कागदावर उत्तम आहे, परंतु डबे करून आठ वाजून दहा मिनिटांची गाडी पकडणाऱ्या आईला उपवनला जाऊन येण्याचा सल्ला देणे जरा धाडसाचे वाटते. कामाच्या दिवशी इमारतीच्या आवारातच अर्धा तास पुरेसा आहे, आणि तो अर्धा तास बाबांकडे द्यावा. तलाव, डोंगर हे सर्व शनिवार-रविवारसाठी ठेवावे.

आणखी एक, ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र मुलांना दाखवण्यासारखे आहे, परंतु रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्याच्या आशेने दिवाळीत येऊ नये. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांची खरी गर्दी हिवाळ्यात होते. काचेमागचे खेकडे आणि खारफुटी पाहायची असेल तर अवश्य या.

बालरोग विभाग (नेरूळ)

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि वरील दोन्ही सल्ल्यांना एक जोड देतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, आणि त्याचा जोर सकाळी व सूर्यास्तापूर्वीच्या तासांत अधिक असतो, म्हणजे नेमका तुम्ही बाहेर असाल त्या वेळी. म्हणून सकाळीसुद्धा मुलांना पूर्ण बाह्यांचे, सैल, फिकट रंगाचे सुती कपडे घालावेत. हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासल्या तरी पुष्कळ काम होते. ताप आला तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉलच द्यावे. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये. पालकांची गफलत बहुधा एका ठिकाणी होते: ताप उतरला की ते निर्धास्त होतात, पण डेंग्यूमध्ये पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा असाधारण सुस्ती ही लक्षणे अनेकदा ताप उतरतानाच दिसू लागतात. अशा वेळी रात्र उलटण्याची वाट पाहू नये.

मखमलाबाद ते माजिवडा

दुपारसाठी माझे एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे किल्ला. आम्ही नातवंडांसोबत दर वर्षी करतो. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सुरू केला तर दिवाळीपर्यंत रोज दुपारी मुलांना काम राहते, आणि आजीला एका जागी खुर्चीत बसून देखरेख करता येते, हा तुमच्या घरासाठी मोठा फायदा आहे.

जागा तळमजल्यावरची सावलीची निवडावी आणि सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून ठेवावे. आगीच्या वेळी वापरायचा जिना किंवा त्याचा दरवाजा कधीही अडवू नये. खाली जुनी ताडपत्री अंथरावी. विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचून आधी डोंगराचा आकार आणावा. मग जुनी गोणपाटे चिखलाच्या पातळ राबडीत बुडवून त्यावर पसरावीत आणि ती थोडी सुकल्यावर चाळलेल्या लाल मातीचा हात द्यावा. पहिल्याच दिवशी नुसत्या मातीचा ढीग करून वर पाणी ओतले की तो दुसऱ्या दिवशी खचतो आणि लहान मुलांचा उत्साहही त्याच्याबरोबर खचतो. तीन वर्षांच्या मुलाला राबडी कालवण्याचे खाते द्यावे, ते तो कोणाकडेही सोपवणार नाही.

हिरवळीसाठी अळीव भिजवावेत. भिजल्यावर त्यांच्याभोवती चिकट आवरण तयार होते, त्यामुळे ते उतारावरही घसरत नाहीत, मोहरी मात्र घरंगळते. दोन-तीन दिवसांत मोड आणि आठवड्याभरात गवत दिसते. पाणी तांब्याने न ओतता हाताने शिंपडावे. डॉक्टरांचे म्हणणे लक्षात घेता किल्ल्याच्या तळ्यात पाणी न ठेवता आरशाचा तुकडा पुरावा, आणि त्याच्या कडा मोठ्यांनीच मातीत पूर्ण दाबाव्यात.

मुलगी पहिलीत आहे, तेव्हा तिला मनातला किल्ला करू द्यावा की खरा, याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी खऱ्याच्या बाजूचा आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांत बारा किल्ले आहेत. त्यांतला खांदेरी किंवा सिंधुदुर्ग निवडला तर डोंगर रचण्याचे कष्टच नाहीत, भोवती निळा रंग दिला की समुद्र झाला. आणि एका रविवारी सकाळी घोडबंदरचा किल्ला दाखवून आणावा. पोर्तुगिजांनी बांधलेला तो किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, एवढे सांगितले तरी मुलीला पुष्कळ झाले. मावळे, पणत्या आणि गेरू जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आधीच जावे.

दोन नातवंडांची आजी

फराळाच्या दिवसांत मुलांना स्वयंपाकघरातून हाकलून देऊ नये. तळण सुरू झाले की मात्र दार लोटून घ्यावे. शंकरपाळ्याची पोळी लाटून दिली तर सहा वर्षांची मुलगी कातण्याने छान कापते, धाकटा चिवड्यासाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची साले काढतो.

बालरोग विभाग (नेरूळ)

आजींच्या कल्पनेत एक बदल सुचवतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. हसता-बोलता दाणा श्वासनलिकेत जाण्याचा धोका चार-पाच वर्षांपर्यंत राहतो. त्याला पोहे चाळू द्यावेत.

कोलशेतची आई

सर्वांचे मनापासून आभार. रात्री साडेनऊला दिवे बंद, सकाळी बाबांबरोबर अर्धा तास खाली, दहानंतर घरात, दुपारची झोप आणि चारनंतर आजींच्या देखरेखीखाली किल्ला असे ठरवले आहे. मुलीने सिंधुदुर्गच हवा असे सांगून टाकले आहे. कढीपत्त्याचे रोप उद्या आणते. एक शंका उरते. सोसायटीने परवानगी दिली आहे, पण दिवाळीनंतर सगळी माती लगेच हलवा अशी अट घातली आहे. तिचे काय करावे?

मखमलाबाद ते माजिवडा

मावळे आणि आरशाचा तुकडा काढून घ्या, गेरू किंवा रंग लागलेला वरचा थर वेगळा करा. उरलेली माती सुकवून, चाळून गोणीत भरली की पुढच्या वर्षी तीच वापरता येते. आम्ही अर्धी माती इमारतीच्या कुंड्यांना देतो, त्यामुळे माळीकाका गोण्या उचलण्यास आनंदाने मदत करतात. गोणी पूर्ण भरू नका, ओली माती फार जड होते.