व्हॅलेंटाईन, तू बिआव आणि मेसियानिक घरं

"व्हॅलेंटाईन म्हणजे जुना रोमी सण लुपरकेलियाच, म्हणून येशुआला मसीहा मानणाऱ्यांनी तो पाळू नये" हा मुद्दा मेसियानिक लोकांत, म्हणजे येशूला (हिब्रूत येशुआ) मसीहा मानून यहुदी परंपरा पाळणाऱ्यांत मांडला जातो. मला तो पटत नाही. लुपरकेलिया 15 फेब्रुवारीला असे आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस यांनी त्याला विरोध केला, इथपर्यंत ठीक. पण त्याच्या बदल्यात 14 तारीख आणली याला पुरावा नाही. प्रेमिकांशी या दिवसाचा संबंध तर थेट चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात दिसू लागतो. मुळंच खणायची तर हिब्रू पंचांगातल्या तम्मूज महिन्याचं काय करायचं? नाव बाबिलोनी देवाचं. बायबलमध्ये यहेज्केलच्या 8व्या अध्यायात त्याच्यासाठी रडणाऱ्या बायकांचा धिक्कार आहे, तरी महिना चालतोच!

व्हॅलेंटाईन तोरात (मोशेच्या पाच पुस्तकांत) नाही म्हणून वर्ज्य, हेही टिकत नाही. हनुक्का हा यहुदी सणही तोरात नाही, पण योहान 10 मध्ये येशुआ त्या सणाला मंदिरात आहेत.

माझा आक्षेप व्हॅलेंटाईनच्या बाजारावर आहे. याउलट तू बिआव या यहुदी प्रेमाच्या सणाला, म्हणजे हिब्रू अव महिन्याच्या 15 तारखेला, यरुशलेमच्या मुली पांढरी वस्त्रं घालून द्राक्षमळ्यांत नाचत, असं मिश्ना हा जुना यहुदी नियमसंग्रह सांगतो. ती वस्त्रं सगळ्याजणी उसनी घेत, जिच्याकडे नाहीत तिला ओशाळं वाटू नये म्हणून. (इस्राएलमध्ये आता त्या दिवसाचीही जाहिरातबाजी होते, ते सोडा.)

14 फेब्रुवारीला नवरा-बायको बाहेर जेवले तर ती मूर्तिपूजा नव्हे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाप्रमाणे ज्याचं त्याने ठरवावं. मंडळीचा कार्यक्रम मात्र तू बिआवलाच ठेवा, आणि एकट्या माणसांना आधी बोलवा.